भीती वाटते, पण ऑपरेशन करायचंय

‘सिस्टर, खरं सांगा, माणूस मरत नाही ना ह्यात?’ वजन कमी करण्याच्या ऑपरेशनबद्दल हा प्रश्न मला वॉर्डात विचारतात, डिचोलीच्या बाजारात भाजी घेताना विचारतात, लग्नाच्या पंगतीतून उठून बाजूला नेऊनही विचारतात. मी पणजीजवळच्या एका रुग्णालयात सर्जरीच्या वॉर्डात नर्स आहे. उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धंच राहतं, म्हणून आज सगळं लिहून सांगते.

आधी मरणाचंच बोलू. धोका आहे. अजिबात धोका नाही असं ऑपरेशन मी पाहिलेलं नाही. पण जिथे ही ऑपरेशनं नेहमी होतात तिथे मृत्यूचं प्रमाण हजारात एकाच्या आसपास असतं. पित्ताशय काढायला आपण फारसा विचार न करता तयार होतो, त्याचा धोकाही साधारण एवढाच. आणि ऑपरेशन न करण्यालाही धोका आहेच, तो कुणी मोजून दाखवत नाही म्हणून दिसत नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात ज्यांनी ऑपरेशन करून घेतलं त्यांच्यात पुढच्या वर्षांत मृत्यू कमी झाले. वाढलेली शुगर, यकृतावरची चरबी, झोपेत थांबणारा श्वास, ही सगळी घरात बसूनही माणसाला पोखरत असतात.

दुसरी भीती भुलेची. ‘उठलेच नाही तर?’ तपासणीला आलेली एक बाई आठवते. भूलतज्ज्ञ मॅडमनी तिला आ करायला सांगितलं, मान मागे टाकायला लावली, हलणारा दात आहे का ते बघितलं. मग विचारलं, घोरता का? ती म्हणाली, थोडंसं. शेजारी बसलेला नवरा हळूच म्हणाला, ‘थोडंसं नाही मॅडम. मधेच श्वास बंद पडतो. मी हलवून उठवतो, मग घेते.’ बाई लाजेने लाल झाली. पण त्या दिवशी खोलीत बोललं गेलेलं सर्वांत मोलाचं वाक्य तेच होतं. तिची झोपेची तपासणी झाली, रात्री लावायचं श्वासाचं मशीन घरी गेलं, ऑपरेशन थोडं पुढे ढकललं. भूल धोक्याची होते ती बहुतेक वेळा अशा न सांगितलेल्या गोष्टींमुळे. सिगारेट, तंबाखू, दारू, झोपेची गोळी, काढा, जे काही असेल ते सांगा. तिथे कुणी तुम्हाला नावं ठेवायला बसलेलं नसतं.

‘पोट कापून टाकतात’ असं ऐकलेलं असतं. कापतात हे खरं, पण पाच-सहा छोट्या छिद्रांतून, दुर्बिणीने. स्लीव्ह म्हणतात त्या प्रकारात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढतात आणि केळ्यासारखी लांबट नळी उरते. आतड्यांना हात लावत नाहीत. काढलेल्या भागात भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक जास्त तयार होतं, म्हणून नुसतं पोट लहान होत नाही, भूकही उतरते. बायपास ह्या दुसऱ्या प्रकारात जठराच्या वरच्या बाजूला छोटी पिशवी करून तिला आतडं जोडतात. ज्यांना आंबट ढेकर, छातीत जळजळ फार आहे त्यांनी यातलं आपल्याला कोणतं योग्य, हे सर्जनला नीट विचारावं, कारण स्लीव्हनंतर जळजळ वाढू शकते.

टाक्यांच्या रेषेतून गळती होणं, म्हणजे आम्ही ज्याला लीक म्हणतो, ती भीती खरी आहे. शंभरात एखाद्याला होते. आम्ही रात्री-बेरात्री येऊन नाडी मोजतो ती ह्यासाठीच. नाडी १२० च्या वर जाऊन तिथेच राहिली की आम्ही डॉक्टरांना उठवतो, रुग्ण ‘मला बरं आहे’ म्हणाला तरी. घरी गेल्यावर ताप, धडधड, वाढत जाणारी पोटदुखी किंवा खांदा दुखणं असं काही झालं तर सकाळची वाट बघू नका. आणि ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळीच आम्ही उठवून चालवतो तेव्हा रागावू नका. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ते चालणं इंजेक्शनाइतकंच लागतं.

पण इतक्या बायका-पुरुषांशी बोलून मला कळलंय की मरणापेक्षा मोठी भीती ताटाची असते. ती उघड सांगायला लाज वाटते, म्हणून शेवटी विचारतात. ‘सिस्टर, हुमण-शीत सुटणार का?’ म्हणजे माशाची आमटी आणि भात. आपल्या गोव्यात हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नुस्त्याशिवाय, म्हणजे माशाशिवाय, जेवण नाही, अकराची पेज चुकली तर दिवस चुकल्यासारखा वाटतो, आणि पाहुण्याने ‘पुरे’ म्हटल्यावरच खरं वाढायला सुरुवात होते.

तर ऐका. ऑपरेशनच्या आधी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा, बराचसा पातळ आहार असतो. त्याने यकृत आक्रसतं आणि सर्जनला जागा मिळते. नंतरचे पहिले दिवस घोटाघोटाचे. तीस मिलीची छोटी कपली देतो, ती हळूहळू संपवायची. ताक, डाळीचं पाणी, कुळथाचं कळण, पेजेची निवळ. मग घोटलेलं, मग मऊ, आणि काही आठवड्यांनी नेहमीचं, थोडं थोडं. मासा सुटत नाही. उलट तो तुमचा मित्र होतो, कारण दिवसाला निदान साठ ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवं आणि मऊ शिजलेला मासा चांगला पचतो. बदलतो तो क्रम. आधी काटे काढलेला मासा, नीट चावून, मग भाजी, आणि जागा उरली तर दोन घास शीत. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासाने. तळलेला बांगडा कधीतरी. चतुर्थीला माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या मांडवाखाली, नैवेद्य दाखवून झाला की एखादी नेवरी, म्हणजे करंजी, तोंडात टाकायचा मोह होणारच. बायपास झालेल्यांना गोड जास्त झालं तर घाम सुटतो, धडधडतं, गळून गेल्यासारखं होतं. स्लीव्हवाल्यांना तेवढं होत नाही, पण वजन परत चढायचा रस्ता तोच आहे. दारूचंही तसंच. उर्राकचा, म्हणजे काजूच्या दारूचा, एक पेला पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढतो.

केस गळतात का? तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून गळतात, बहुतेकांचे परत येतात. मूल होईल का? होतं, कित्येकींना आधीपेक्षा सोपं जातं, फक्त १२ ते १८ महिने थांबायचं. पैशांचं म्हणाल तर तुमची विम्याची पॉलिसी नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४०, किंवा गंभीर आजार जोडीला असेल तर ३५, अशी अट असते. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईचं वजन ८४ किलो असलं की बीएमआय ३५ होतो.

आता लोक काय म्हणतील ते. ‘तोंडावर ताबा नाही म्हणून पोट कापून घेतलं’ हे वाक्य मी जवळच्या नात्यातल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय, आणि ऐकताना माझा संताप झालाय. वर्षानुवर्षं डाएट करून, उतरवलेलं वजन पुन्हा चढताना बघून दमलेली माणसं आमच्याकडे येतात. शरीर उतरलेलं वजन परत मिळवायला धडपडतं, भूक वाढवतं. तो त्या माणसाचा आळस नसतो. कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. ‘पोटाचं ऑपरेशन आहे’ एवढं सांगितलं तरी खोटं होत नाही.

एक भीती मात्र तुम्ही बाळगावी असं मला मनापासून वाटतं. वजन उतरलं, कपडे सैल झाले, की लोक तपासणीला येणं बंद करतात. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व ह्यांच्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या असतात आणि रक्त तपासत राहायचं असतं. हातपाय बधिर झाले म्हणून उशिरा आलेली माणसं मी पाहिली आहेत. जो डॉक्टर ऑपरेशननंतरच्या वर्षांविषयी काहीच बोलत नाही, त्याच्याकडून उठून दुसऱ्याचं मत घ्या.

पहिल्या भेटीला जाताना भीती वाटते त्या सगळ्या गोष्टी कागदावर लिहून न्या. वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, लीक झाली तर रात्री कोण येणार, हेही विचारा. आणि घरात जी स्वयंपाक करते, सासू असो की बहीण, तिला सोबत न्या. आहारतज्ज्ञाचं बोलणं तिने स्वतः ऐकलं तर ‘आणखी थोडं घे गो’ म्हणायचं ती थांबेल.