सराटा

रविवार रात्र, ब्राइट

काल पहाटे मेलबर्न सोडलं. गाडीच्या मागे चार सायकली बांधलेल्या, आत आम्ही चौघं आणि नागपूरकराच्या घरचा चिवडा. वँगरट्टापर्यंतच्या अडीचशे किलोमीटर हायवेबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. फक्त ग्लेनरोवनला चहाला थांबलो. १८८० साली लोखंडी चिलखत घालून पोलिसांशी लढलेल्या नेड केलीचा तिथे भलामोठा पुतळा आहे. दरोडेखोराचे केवढे लाड!

वँगरट्टाला सायकली काढल्या. ब्राइटची आगगाडी १९८३ साली बंद झाली, रूळ गेले, आता त्याच वाटेवरून सायकली जातात. आगगाडीला चढ सोसत नाही, आमच्या गुडघ्यांनाही नाही, त्यामुळे छान जमलं. एव्हर्टनला बीचवर्थचा फाटा लागतो, तो मात्र सोळाएक किलोमीटर चढाचा. मी ‘जाऊया’ म्हणालो. तिघांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. मनातून मलाही बरंच वाटलं.

फाट्याच्या पुढे माझं मागचं चाक बसलं. टायरमधून काटा उपसला, बघतो तर सराटा! अगदी आपल्या माणदेशातला. लहानपणी अनवाणी पायात मोडायचा तसाच, तेवढाच टणक. इथे कधी आणि कसा आला कोण जाणे. आईने दिलेला कढीपत्ता माझ्याकडून विमानतळावर काढून घेतला होता, याला कोणी अडवलं नाही.

मर्टलफर्डच्या आसपास शेतांत उंच, गंजक्या पत्र्यांच्या खोल्या दिसतात. या तंबाखूच्या भट्ट्या. इथली तंबाखूची शेती २००६ साली संपली. आमचा एक भिडू निपाणीचा. तो सायकल टेकवून बराच वेळ बघत राहिला. “आमच्यात उन्हात वाळवत्यात की, याला भट्टी कशाला?” विडीचा तंबाखू वेगळा, सिगारेटचा वेगळा, असं मी सांगू लागलो तर म्हणाला, “मला शिकवतोस व्हय?” गप्प बसलो.

ब्राइटला शरद ऋतू ऐन रंगात आहे. मेपल, पॉप्लर लालपिवळे झालेत, पण ही सगळी बाहेरून आणून लावलेली झाडं. इथली निलगिरी पानं झाडत नाही, साल सोलून टाकते. मला तीच जास्त आवडली.

रात्री चाक पुन्हा मऊ लागलं. टायर आतून बोटांनी चाचपला. दुसरा सराटा.