करियाचं नाक

आपल्याला नाक आहे हे आमच्या करियाला बाराव्या वर्षापर्यंत माहीतच नसावं.

त्याची आई मुधोळची, बाप आमच्या बेळगावजवळच्या येळ्ळुरातलाच कुणीतरी, चौकशी न केलेला बरा. काळा म्हणून भातलावणीला येणाऱ्या गड्यानं कन्नडमध्ये हाक मारली ‘करिया’, तेच नाव पडलं. ‘ये’ म्हटलं तरी यायचा, ‘बा’ म्हटलं तरी यायचा. सीमाप्रश्न त्याच्यापुरता सुटलेला होता.

मुधोळचं कुत्रं डोळ्यावर पळतं. लांबोडकं तोंड, आत गेलेलं पोट, आणि ससा दिसला की सुटलंच. घोरपडे संस्थानिकांनी ही जात निगुतीनं सांभाळली. २००५ साली टपाल खात्यानं तिचं तिकीटसुद्धा काढलं. करियात आईचं रक्त जास्त उतरलेलं. राजहंसगडाच्या उतारावर ससा उठला की हा धुरळा उडवत गायब. खरं ससा झुडपात शिरला की सगळा खेळ खलास. झुडपासमोर उभा राहून आमच्याकडं वळून बघायचा, जणू आम्हीच तो लपवून ठेवलाय. दोन हातांवर ससा धापा टाकत बसलेला असणार. वास घेऊन बघावा, हे काही ह्याच्या डोक्यात यायचं नाही.

मग तो म्हातारा झाला. डोळ्यांत निळसर ढग आले. कान गेल्याचं कळलं ते दिवाळीत. एरवी पहिल्या फटाक्याला कणगीमागं जाऊन बसणारा, त्या वर्षी अंगणात माळ लागली तरी पाय ताणून झोपलेला. आई म्हणाली, “बरं झालं, सुटला बिचारा.”

आणि त्याच थंडीत त्यानं नाक जमिनीला लावलं.

भातं कापून झाली होती. बाबा पहाटे शेताकडं गेले की हा तासाभरानं उठायचा, उंबऱ्याबाहेर चार-पाच पावलांचा वास घ्यायचा, आणि निघायचा. माग कुठल्या दिशेनं गेलाय हे कळायला कुत्र्याला पाचेक पावलं पुरतात, असं पुढं कधीतरी वाचलं तेव्हा मला करियाचा उंबराच आठवला. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस-तीस कोटी. एवढी इस्टेट बाळगून हा गडी बारा वर्षं नुसत्या डोळ्यांवर जगला!

मी त्याच्या मागनं जायचो. बाबा बांधावरून गेलेले असायचे, हा मात्र बांधाखालून, दोन हात बाजूनं. आधी वाटलं दिसत नाही म्हणून घसरतोय. नंतर उमगलं, वारा ज्या अंगाला वाहतो त्या अंगानं तो चालतोय. आपल्या अंगावरून कातडीची बारीक भुकटी सारखी गळत असते, ती वाऱ्यानं सरकून गवतात अडकते. दव असेपर्यंत वास गवताला धरून राहतो, तोवर ह्याची चाल नवरदेवासारखी, संथ आणि ऐटीत. ऊन चढलं की तारांबळ. डांबरी रस्त्यावर तर दोनदा शिंकायचा, गोल गोल फिरायचा आणि पलीकडच्या मातीत पुन्हा धागा पकडायचा. ओलं नाक फुरफुरत असायचं, आणि लोंबत्या कानांच्या टोकांना भाताचं तूस चिकटलेलं.

हे सगळं कौतुकाचं. घरात भांडण लागलं ते निराळ्याच कारणानं.

बाबांना शुगर निघाली होती. गोड बंद. एका सकाळी भाकरी द्यायची राहिली म्हणून आई शेताकडं निघाली, पुढं करिया. हा शेताकडं वळेचना. पारापाशी थांबला, तिथं बाबा कुणाशी तरी बोलत उभे राहिले असणार. मग देवळामागची बोळ. मग थेट स्टॅंडजवळचं हॉटेल. आत बाकावर बाबा, पुढ्यात कुंदा. दूध आटवून आटवून तपकिरी केलेला, रवाळ, बेळगावच्या माणसाला ज्याच्यापुढं डॉक्टर परका वाटतो तो कुंदा.

“काय ओ, शेताकडं जातो म्हणालासा नव्हं?”

बाबांनी आईकडं बघितलंच नाही. करियाकडं बघितलं. तो त्यांच्या पायावर नाक ठेवून शेपूट हलवत होता, केवढं मोठं काम फत्ते केल्यासारखा.

“ह्यात साखर कमी असत्या,” बाबा म्हणाले.

त्यानंतर बाबांनी युक्ती काढली. घरामागच्या ओढ्यात उतरायचं, वीस-पंचवीस पावलं पाण्यातनं जायचं, आणि पुढं कुठंतरी वर निघून हॉटेल गाठायचं. पाण्यात माग राहत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. पहिल्या दिवशी करिया काठावर बसून कुईकुई करत राहिला. दुसऱ्या दिवशी ओढा ओलांडून पलीकडच्या काठानं खाली-वर हुंगत फिरला. तिसऱ्या दिवशी हॉटेलात हजर. हॉटेलवाल्यानं त्याला खारी घातली. मला वाटतं, पुढच्या फेऱ्यांत बाबांपेक्षा खारीचाच वास जास्त असावा. खरं मी हे घरी कधी बोललो नाही.

पुढच्या मृगात तो गेला. रात्री जेवला, सकाळी उठला नाही. बाबांनी शेताच्या कडेला आंब्याखाली स्वतः खड्डा काढला, मला कुदळ धरू दिली नाही.

आता मागावर कुणी नाही. तरी आठवड्यातनं एखाद्या सकाळी बाबा परसदारानं घरात येतात ते घोट्यापर्यंत ओले पाय घेऊन. आई काही विचारत नाही. पाय पुसायला पोतं तेवढं पुढं सरकवते.