काकूंच्या सागवानी फळ्या

रत्नागिरीकडचं घर पाडलं, त्यातल्या सागवानी फळ्या काकूंनी टेम्पोत घालून वागळे इस्टेटला माझ्या वर्कशॉपवर आणल्या. भर पावसात. घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये कपाटाची दारं हवीत, प्लाय नको, सनमायका तर नाहीच. इंचभर जाडीच्या फळ्या तशाच वापरल्या तर आतून एसी आणि बाहेरून खाडीची दमट हवा, वर्षभरात पापड झाला असता. म्हणून फळी जाडीत चिरून दोन पातळ थर एकमेकांवर चिकटवायचं ठरवलं.

खिळे काढण्यातच अर्धा दिवस गेला. एक जरी राहिला तरी बँडसॉचं पातं गेलं म्हणून समजा.

चिरताना काकू शेजारीच उभ्या. पहिली फळी पुरती चिरली आणि दोन्ही भाग आमच्या डोळ्यांदेखत बाक घेऊ लागले.

"अहो मिस्त्री, ही तर वाकली! माझ्या सासऱ्यांच्या वेळचं लाकूड आहे ते!"

"वाकू द्या काकू. आत ताण होता, तो मोकळा होतोय. दारात बसल्यावर वाकली असती तर?"

त्यांना काही ते पटलं नाही. जाताना दोनदा मागे वळून पाहिलं.

थर मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवले. बाक स्थिरावल्यावर रंधून सपाट केले. मॉइश्चर मीटरवर जोडीतल्या दोन्ही थरांचा आकडा सारखा आल्याशिवाय मी फेविकॉलचा डबा उघडत नाही. सागवान तेलकट, म्हणून ताजं रंधलेलं असतानाच थिनरने पुसून घेतलं. सालीकडच्या बाजू समोरासमोर, गाभ्याकडच्या बाहेर. सुकताना फळी सालीच्या बाजूने खोलगट होते. अशी जोडी लावली की दोन्ही थरांच्या कडा एकमेकींवरच दाबतात. वरखाली जाड सरळ पट्ट्या ठेवून क्लॅम्प आवळले आणि पावसाळी हवा म्हणून पुरती रात्र तसेच ठेवले.

बाक थांबतो, पण रुंदी कमीजास्त व्हायची ती होतेच. चारशे मिलिमीटरच्या पॅनेलला पावसाळा ते हिवाळा दोनतीन मिलिमीटर धरावेच लागतात. म्हणून पॅनेल चौकटीच्या खाचेत सुटंच बसवलं, कडांना पॉलिश आधीच मारून.

डिसेंबरात काकूंचा फोन. दारं सरळ आहेत, पण पॅनेल हाताने हलतं. सोसायटीतला सुतार म्हणतो, कडेने फेविकॉल भरून देतो.

म्हटलं, "काकू, त्याला चहा पाजा आणि परत पाठवा."