रोजमेळाच्या बांधणीपासून घरच्या ठेव्यापर्यंत : आमची वाटचाल

सांगलीच्या बाजारपेठेत हळदीच्या अडत्यांच्या पेढ्यांवर रोजमेळ आणि खतावण्या या हिशेबाच्या वह्या हाताने लिहिल्या जात, त्या काळात माझ्या सासऱ्यांनी बाइंडिंगचे दुकान थाटले. लाल कापडाच्या लांबट चोपड्या हा आमचा मुख्य माल होता. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा नसे, कारण वहीपूजनाला नवी वही नाही असे त्या वेळी कोणत्याच पेढीवर चालत नसे. संगणक आल्यावर हे काम निम्म्यावर आले, आणि २०१७ मध्ये जीएसटी लागू होऊन हिशेब ऑनलाइन भरणे भाग पडले, तेव्हा उरलेलेही आटले. पूजेपुरती एखादी पातळ वही लोक अजून नेतात, पण त्यावर दुकान चालत नाही.

नवे काम आम्ही शोधले असे म्हणता येणार नाही. ते आमच्या दारी चालत आले. आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या सूनबाईंनी आपल्या आजेसासूबाईंची पाककृतींची वही दुरुस्तीला आणली. तेलाचे डाग, सुटलेली पाने, आणि मापे सगळी चिपटे, मापटे, शेर अशी. मामंजींनी वही दोऱ्याने पुन्हा बांधून दिलीच, शिवाय शेवटी एक स्वतंत्र पान जोडून त्यावर दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, असे कोष्टक सुवाच्य अक्षरात लिहून दिले. वहीच्या दुरुस्तीपेक्षा त्या पानाचेच त्या घरात अधिक कौतुक झाले. पुढे त्याच ओळखीतून लग्नपत्रिका, अंतर्देशीय पत्रे, प्रगतिपुस्तके, २०१३ मध्ये तारसेवा बंद होण्याआधीच्या तारा, बाळाची कुंची आणि अंगडे-टोपडे असा घरोघरचा ठेवा येऊ लागला, आणि बाइंडिंगच्या दुकानाचे रूप हळूहळू पालटले.

या कामात आमचा एकच दंडक आहे : जे केले ते पुढच्या पिढीला मूळ वस्तूला इजा न होता उलगडता आले पाहिजे. म्हणून आम्ही जुन्या पत्रांना लॅमिनेशन करून देत नाही, आणि त्यावरून गिऱ्हाईक नाराज होऊन गेले तरी आमचा नाइलाज असतो. लॅमिनेशनमध्ये उष्णतेने वितळलेला चिकट थर कागदात मुरतो आणि नंतर पत्र त्यातून सुखरूप बाहेर काढता येत नाही. सेलोटेपचेही तेच, काही वर्षांत पट्टी गळून पडते आणि पिवळा डाग मात्र कायमचा राहतो. त्यापेक्षा आमची बाइंडरांची खळ बरी. एक वाटी मैदा चार-पाच वाट्या पाण्यात गुठळी न होऊ देता कालवावा, मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक झाक येईपर्यंत शिजवावा आणि गार झाल्यावर फडक्यातून गाळून घ्यावा. पाण्याचा हलका हात लावला की ही खळ पुन्हा सुटते, हा तिचा मोठा गुण. पूर्वी कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत. ते विषारी असल्याने घरी अजिबात वापरू नये, त्याऐवजी लागेल तेवढीच ताजी खळ करावी.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले, आणि आमच्या व्यवसायाची खरी परीक्षा तेव्हा झाली. पाणी ओसरल्यावर लोकांनी गाद्या आणि धान्य रस्त्यावर टाकले, पण फोटोंचे अल्बम टाकवेनात. चिखलाने माखलेले ते गठ्ठे पोत्यांत घालून माणसे दुकानाच्या पायरीवर आणून ठेवत. ऊन पडले की ते तसेच वाळवावेत असे कोणालाही वाटते, आणि नेमके तेच घातक ठरते. जुन्या फोटोवरचा चित्राचा थर जिलेटिनचा असतो; पाण्याने तो फुगून मऊ होतो आणि शेजारच्या फोटोला किंवा काचेला चिकटून वाळला तर पुन्हा सुटत नाही. म्हणून आम्ही परातींत थंड स्वच्छ पाणी घेऊन ते गठ्ठे त्यात सोडत असू, पाणी बदलत असू, आणि कडेने आपोआप सुटू लागलेला एकेक फोटो चित्राच्या बाजूला बोट न लावता उचलून मच्छरदाणीच्या ताणलेल्या जाळीवर उताणा ठेवत असू. त्याच दिवशी हात लावणे शक्य नसे ते गठ्ठे मेणकागदात गुंडाळून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या फ्रीझरमध्ये ठेवले, कारण गोठवल्याने बुरशी थांबते आणि सवड मिळते. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेले फोटो मात्र या पाण्याने धुऊनच जातात. ते वेगळे काढून नुसते हवेवर सुकवावे लागले. सगळेच वाचले नाही. ज्या अल्बमची पाने चिकट आणि वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असा होता, त्यांतले बरेच फोटो पानालाच धरून बसले. त्या प्रकारचे अल्बम आजही घरात असतील तर कोरडे असतानाच त्यांतले फोटो काढून घ्यावेत, असे आम्ही येणाऱ्या प्रत्येकाला बजावतो.

पुरानंतर लोक आम्हाला विचारू लागले की हे सगळे घरच्या घरी नीट कसे ठेवायचे, आणि त्यातून आमच्या शनिवारच्या कार्यशाळा सुरू झाल्या. त्यांत पुठ्ठ्याची पेटी करायला शिकवतो. तिला बाहेरून खणाचे कापड आणि आतून सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद लावतो. असा कागद पुण्याच्या हातकागद संस्थेमुळे आपल्याकडे परिचयाचा आहे आणि वर्तमानपत्रासारखा तो काही वर्षांत पिवळा पडून ठिसूळ होत नाही. फोटो डकवण्याऐवजी त्याच कागदाचे छोटे त्रिकोणी कोपरे करून त्यांत ते अडकवायचे. पेटीतल्या प्रत्येक वस्तूबरोबर कोणाची, कुठली, कोणत्या निमित्ताची एवढे सांगणारी चिठ्ठी पेन्सिलीने लिहून ठेवायची. चिठ्ठीविना नुसती सुंदर पेटी करण्यात आम्हाला रस नाही, हे आम्ही पहिल्याच तासाला स्पष्ट सांगतो.

सर्वांत अधिक रमतात ती माणसे भांड्यांच्या ठशांत. आपल्याकडे लग्नात आलेल्या ताटा-तांब्यांवर देणाऱ्याचे नाव आणि तारीख कोरून घेण्याची चाल होती, आणि फळीवरच्या डब्यांवर अख्ख्या गोतावळ्याची नोंद सापडते. पितळेची भांडी मोडीत घालण्याआधी कोरलेल्या अक्षरांवर पातळ कागद ताणून धरावा आणि मऊ पेन्सिल आडवी फिरवावी. करड्या रंगात अक्षरे पांढरी उमटतात. असे ठसे सालवार लावून बांधलेली वही एखाद्या वंशावळीपेक्षा जास्त बोलते, कारण तिच्यात माहेरची, सासरची आणि शेजारची माणसेही असतात. ज्या पुण्यात अडकित्त्या-दिव्यांसारख्या घरगुती वस्तूंना राजा दिनकर केळकर संग्रहालयात स्थान मिळाले, ते आमच्यापासून फार लांब नाही; आपल्या फळीवरचा डबाही नोंदीच्या लायकीचा आहे, हे लोकांना पटवणे त्यामुळे सोपे जाते.

वाकळीचे काम आम्ही सर्वांत उशिरा हाती घेतले. ते मिरज आणि तासगाव तालुक्यांतल्या बायका त्यांच्या घरी करतात. आईच्या सुती साड्यांचे थर घालून धावदोऱ्याने शिवलेली वाकळ उबदार होते आणि हाताचा टाका हवा तेव्हा उसवता येतो. जरीच्या जुन्या रेशमी साड्या मात्र आम्ही कापत नाही. त्यांचे रेशीम विरलेले असते. त्या मलमलीत गुंडाळाव्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत, डांबरगोळी जरीला टेकू देऊ नये, आणि दर काही महिन्यांनी घडी बदलावी.

वाकळीची किंमत ऐकून अनेकांना बाजारातल्या ब्लँकेटची आठवण येते. ती किंमत आम्ही कमी करत नाही, कारण तिच्यातला मोठा वाटा शिवणाऱ्या बाईचा असतो आणि तो तिला काम हातात दिले की निम्मा, वाकळ परत आली की उरलेला, असा रोख दिला जातो. पुण्या-मुंबईहून आणि परदेशातल्या मराठी घरांतून मागण्या येतात. तेव्हा साड्या कुरिअरने पाठवण्याआधी त्यांचे उलगडून फोटो काढून ठेवावेत आणि कोणता पदर कापायचा नाही ते चिठ्ठीत लिहून पाठवावे, एवढीच आमची अट असते. सध्या पावसाळ्यात नवे काम आम्ही घेत नाही. दमट हवेत खळ वाळत नाही आणि कागदाला बुरशी धरते. दसऱ्यानंतर बांधलेल्या वह्या दाबून धरणारा आमचा शिकंजा पुन्हा सुरू होतो.