60 टक्के सूट आणि आईची बाल्कनी

आईला पुन्हा एकदा बोटीत बसवायचं, हे माझ्या मनात फार वर्षं होतं. तिचं गाव मालवण. 1960च्या दशकात दर मे महिन्यात मुंबईहून गावी जायचं ते भाऊच्या धक्क्यावरून, बोटीनं. डेकचं तिकीट, पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि बोट लागणाऱ्यांसाठी पदराच्या गाठीला बांधलेलं लिंबू. मालवणला बोट लांब पाण्यातच उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या सगळं पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरवून किनाऱ्याला आणायचे. या गोष्टी ऐकत मी मोठी झाले. आता आई 74 वर्षांची आहे, गुडघे दुखतात, आणि गेल्या वर्षी मी ठरवलं की आणखी थांबायचं नाही.

सिंगापूरहून निघणारी, पेनांग आणि फुकेत करून परत सिंगापूरला येणारी 4 रात्रींची क्रूझ. आम्ही चौघं: आई, मी, नवरा आणि 10 वर्षांचा लेक. ठिकाण ठरायला एक संध्याकाळ लागली. कुठल्या जहाजाचं तिकीट काढायचं हे ठरवायला मात्र 3 आठवडे. कारण ऑफर! कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. ऑफर आठवड्याला बदलतात, हिशेबाची रीत तीच राहते, आणि मला ती रीतच सांगायची आहे.

सुरुवात ठाण्याच्या एका एजंटकडून आलेल्या चित्रानं झाली. निळं पाणी, पांढरं जहाज, "माणशी 42 हजारांपासून". मी फोनवर विचारलं, चौघांचे एकूण किती? उत्तर आलं, "मॅडम, हा ट्विन शेअरिंगचा रेट आहे." म्हणजे एका खोलीत दोघं धरून. पुन्हा विचारलं, सगळं धरून एकूण किती? दोन दिवसांनी आकडा आला. पोर्ट चार्जेस, जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टिप आणि 5 टक्के जीएसटी धरून माणशी 55 हजार, त्यावर तेव्हाचा 5 टक्के टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीवर आगाऊ घेतला जाणारा कर, वेगळा. टीसीएस पुढे आयकरात वळता होतो हे खरं, पण तोवर पैसे आपल्याच खिशातून गेलेले असतात. विमानाचं तिकीट यात नव्हतंच. मला राग आला तो किमतीचा नाही. दुसऱ्यांदा विचारल्याशिवाय खरा आकडा सांगितला नाही, याचा आला.

मग मी आणि नवऱ्यानं रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप घेऊन कंपन्यांच्या साइटवरच बसायला सुरुवात केली. प्रत्येक ठिकाणी चौघांची खरी वयं घालायची आणि पैसे भरण्याच्या शेवटच्या पानापर्यंत जायचं. तिथे जो आकडा दिसतो तोच वहीत लिहायचा, आधीच्या पानांवरचा एकही नाही.

पहिल्या कंपनीची ऑफर होती "दुसऱ्या प्रवाशाला 60 टक्के सूट". दुसरीची "प्रत्येकाला 30 टक्के". नवरा लगेच म्हणाला, पहिली घे. पण करून बघा: 900 सिंगापूर डॉलरच्या तिकिटावर दुसऱ्याला 60 टक्के सूट म्हणजे 900 अधिक 360, दोघांचे 1,260. म्हणजे 1,800 वर 30 टक्केच! दोन्ही ऑफर दोघांच्या कुटुंबासाठी अगदी सारख्या आहेत. फक्त 60 हा आकडा डोळ्यांत भरतो.

फरक पडला तो तिसऱ्या-चौथ्या माणसाला. पहिल्या कंपनीत त्याच केबिनमधल्या तिसऱ्या आणि चौथ्या प्रवाशाचे 450 प्रत्येकी. दुसरीकडे त्यांचं भाडं शून्य, फक्त पोर्ट चार्जेस आणि टिप. सगळं मिळवल्यावर खिडकी नसलेल्या इनसाइड केबिनचे पहिल्या कंपनीकडे चौघांचे 3,144 डॉलर झाले आणि दुसरीकडे 2,182. एका केबिनमागे 962 डॉलरचा फरक, आणि तोही जिची जाहिरात साधी होती तिच्या बाजूनं.

पण एवढ्यावर निर्णय घेतला असता तर फसलो असतो. चौथी बर्थ म्हणजे भिंतीतून खाली येणारा वरचा पलंग, शिडीनं चढायचा. आईला ते शक्य नाही. लेक वर झोपेल, पण आईला सोफा-बेडवर झोप लागेल का? म्हणून दोन केबिन घेतल्या तर काय, तेही मांडून पाहिलं. दोन केबिन झाल्या की पहिल्या कंपनीची 60 टक्के सूट प्रत्येक केबिनमध्ये एकदा, म्हणजे दोनदा मिळते, आणि दुसरीकडचे फुकटातले दोघे आता पूर्ण भाड्याचे होतात. 3,504 आणि 3,372. फरक उरला 132 डॉलर. तीच माणसं, तीच तारीख, त्याच ऑफर. खोल्या कशा वाटून घेता यावर सगळं उलटंपालटं होतं. म्हणून कुणी मला "अमक्या कंपनीची ऑफर चांगली आहे का गं?" असं विचारलं की मी आधी विचारते, किती जण आहात आणि कोण कुठे झोपणार?

तिसरी एक कंपनी "पेयं फुकट" देत होती. आमच्यात कुणी पिणारं नाही, आणि त्या फुकट पॅकेजच्या छापील किमतीवर 20 टक्के सेवाशुल्क प्रत्येक मोठ्या माणसाला आधीच भरायचं होतं. ती पाच मिनिटांत बाद.

या 3 आठवड्यांत मी एक काम रोज केलं, ते करून बघाच असं सांगेन. दुसऱ्या कंपनीचा भाव रोज रात्री वहीत लिहीत गेले. "आज शेवटचा दिवस" म्हणून घड्याळ उलटं धावत असायचं, दुसऱ्या दिवशी ऑफरचं नाव बदललेलं आणि भाव तसाच. एकदा 30 ची सूट 40 झाली. मी आनंदानं पाहायला गेले तर मूळ भाडं 850 वरून 990 झालं होतं. म्हणजे आधी 595 पडत होते, आता 594. त्या एका डॉलरनं मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याही जाहिरातीनं नाही. त्यानंतर टक्केवारीचा रकाना मी वहीतून खोडूनच टाकला.

तारखेचंही बघायला हवं. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सिंगापूरच्या शाळांना वर्षअखेरची सुट्टी लागते. त्या दिवसांत भाडी चढतात आणि मुलांना फुकट नेणाऱ्या ऑफर नेमक्या तिथेच बंद असतात. आपली दिवाळीची सुट्टी त्याआधी येते. आम्ही ऑक्टोबरच्या अखेरीस निघालो. लेकाच्या शाळेला दोन दिवस बुट्टी पडली, पण ती पडू दिली.

मग एका रात्री नवरा म्हणाला, "एकाच केबिनमध्ये राहून दोन केबिनचे वाचवतेयस, तर बाल्कनी किती पडते बघ." दुसऱ्या कंपनीच्या बाल्कनीच्या केबिनमध्ये सोफा-बेड जरा रुंद होता, आणि भाव होता सगळं धरून 2,462. इनसाइडपेक्षा 280 डॉलर जास्त. तेव्हाच्या 67 रुपयांच्या भावानं साधारण 19 हजार. चौघांचे मिळून 1 लाख 65 हजार, म्हणजे पहिल्या कंपनीच्या बिनखिडकीच्या खोलीपेक्षा साधारण 46 हजारांनी कमी. आई सोफ्यावर झोपणार नाही, ती आमच्या पलंगावर माझ्याबरोबर आणि नवरा सोफ्यावर, असं ठरलं आणि पैसे भरले. साइटवर कार्डानं भरले तर बँक परकीय चलनाचं शुल्क लावते, तेही हिशेबात धरा. आणि व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते बघा, कारण जहाज परत सिंगापूरलाच येतं म्हणजे त्या देशात तुम्ही दोनदा शिरता.

मरिना साउथ पिअर स्टेशनवर उतरून मरिना बे क्रूझ सेंटरला गेलो. तिथे आईसाठी व्हीलचेअर मागितली, लगेच मिळाली. जहाज पाहून आई म्हणाली, "ही बोट नव्हे, ही चाळ आहे." संध्याकाळी जहाज हललं तेव्हा ती बाल्कनीतल्या खुर्चीत बसली आणि जेवायची वेळ झाली तरी उठेना. सिंगापूरच्या बाहेर समुद्रात शेकडो मालवाहू जहाजं नांगर टाकून उभी असतात. अंधार पडला तसे त्यांचे दिवे लागले, आणि पुढे मलाक्काच्या सामुद्रधुनीत उजव्या हाताला मलेशियाचा किनारा रात्रभर पुसट दिसत राहिला. बाल्कनी घेणार असाल तर जाताना जमीन उजवीकडे असते, एवढं लक्षात ठेवा.

आमची केबिन आवरणारा मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. नाव-गावाची पट्टी वाचायच्या आधीच आईनं त्याच्या बोलण्यावरून ओळखलं. "खयंचो रे तू?" तो हातातला टॉवेल घेऊन तसाच उभा राहिला. वेंगुर्ल्याचा निघाला. मग काय, रोज सकाळी दहा मिनिटं मालवणीत. त्यानं आईसाठी बाल्कनीत पाय ठेवायला एक छोटं स्टूल आणून दिलं. टिप ही मी तोवर लपवलेला खर्च म्हणूनच धरत होते. त्यानं सहज बोलताना सांगितलं की त्याच्या महिन्याच्या कमाईत तिचा वाटा मोठा आहे. ती द्यायलाच हवी, पूर्ण द्यायला हवी. माझं म्हणणं एवढंच की ती पहिल्या पानावरच्या किमतीत धरून दाखवावी.

पेनांगला जहाजाच्या सहलीचे माणशी पैसे भरू नका. स्वेटनहॅम पिअर जॉर्ज टाउनला अगदी लागून आहे. आम्ही हळूहळू चालत, बसत-उठत क्वीन स्ट्रीटवरच्या महामारिअम्मन मंदिरात गेलो. 1833 सालचं आहे. शेजारच्या लिटल इंडियात गजरे मिळाले, आईनं एक माळला आणि एक वेंगुर्लेकराच्या हातात "घरच्या देवासाठी" म्हणून दिला. चौघांचा दिवसाचा खर्च जेवणासकट जहाजाच्या सहलीच्या एका तिकिटाइतकाही झाला नाही.

फुकेतला मात्र मी तिकीट काढताना एक गोष्ट पाहिली नव्हती. आमचं जहाज तिथे धक्क्याला लागणार नव्हतं. ते पातोंगच्या किनाऱ्यासमोर खोल पाण्यात उभं राहिलं आणि छोट्या होड्यांनी, टेंडरनं, किनाऱ्यावर नेत होते. कुठल्या बंदरात टेंडर आहे हे प्रवासाच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर ते सूट बघायच्याही आधी वाचायला हवं. पाऊस संपत आला होता तरी लाट होती. होडी वर-खाली होत होती आणि मधल्या फटीतून हिरवं पाणी दिसत होतं. मी आईला म्हटलं, आपण वरच थांबू.

ती पुढे बघत होती. दोन खलाशी दोन्ही बाजूंना हात पुढे करून उभे होते, लाट वर आली की माणसाला अलगद आत घेत होते.

"अगो, हो तर पडाव!" आई म्हणाली. साडीचा घोळ एका हातात गोळा केला, काठी माझ्याकडे दिली, लाट वर यायची वाट पाहिली आणि एका खलाशाचा कोपर धरून उतरली. आत बसल्यावर माझ्या लेकाला सांगितलं, "उडी मारायची नाय. पाणी वर येता तेव्हा पाय ठेवायचो." तो तसाच उतरला.

जहाजावर खर्चायला मिळालेल्या 100 डॉलरचं काय केलं? ऑफरमध्ये ते होतेच, पण मी हिशेबात धरले नव्हते, कारण जे आपण एरवी विकत घेतलं नसतं ते बचत म्हणून मोजायचं नाही असं ठरवलं होतं. शेवटच्या रात्री त्यातून चौघांचा जिन्यावरचा एक फोटो छापून घेतला आणि उरलेल्यात वायफाय. आईनं मालवणला मामीला व्हिडिओ कॉल लावून बाल्कनीतून समुद्र दाखवला. रात्रीचे साडेनऊ, बाहेर काळोख, मामीला काहीच दिसत नव्हतं. तरी दोघी पाऊण तास बोलत होत्या.

पहाटे पाचला मला जाग आली तेव्हा पलंगावर आई नव्हती. बाल्कनीत शाल घेऊन बसली होती, पाय स्टुलावर. सिंगापूर जवळ आलं होतं आणि पुन्हा ती दिव्यांची जहाजं सुरू झाली होती. बोटानं मोजत होती. मला गप्प राहायची खूण केली.

सत्तेचाळीसपर्यंत मोजून झाल्यावर म्हणाली, "आता चहा सांग."