तिसऱ्या सिलिंडरचा काटा

चार सिलिंडरच्या मोटारसायकलच्या थ्रॉटल बॉडी, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला जाणारी हवा कमीजास्त करणारी चार नळकांडी, घरी जुळवायला किती वेळ लागतो, असे कोणी विचारलेच तर काम पाऊण तासाचे आहे आणि मला तीन रविवार लागले, एवढेच प्रामाणिक उत्तर मी देऊ शकतो. त्यांतले जवळजवळ दोन रविवार मी ज्या स्क्रूशी झटत बसलो, त्याचा काडीचाही दोष नव्हता. ती चरफड अजून पुरती गेलेली नाही, म्हणून हे लिहून ठेवत आहे.

थ्रॉटल बॉडी काढून साफ केल्या आणि पुन्हा बसवल्या, तेव्हापासून गाडीचे आयडलिंग, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिनाचे मंद चालणे, वरखाली होऊ लागले होते आणि हँडलला बारीक थरथर जाणवत होती. प्रत्येक सिलिंडरच्या वाटेत हवा अडवणारी एक गोल झडप असते. आयडलिंगला ती इतकी कमी उघडी असते की केसाएवढ्या फरकानेही एका सिलिंडरला हवा जास्त आणि दुसऱ्याला कमी मिळते. झडपेच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला तयार होणारा व्हॅक्यूम (बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब) चारही ठिकाणी सारखा आला की झडपा जुळल्या, असे मानायचे. ज्या सिलिंडरच्या गेजचा, म्हणजे व्हॅक्यूम मोजणाऱ्या मापकाचा, काटा जास्त व्हॅक्यूम दाखवतो, त्याची झडप इतरांपेक्षा जास्त बंद असते. हे मी सुरुवातीला नेमके उलटे धरले होते आणि पहिली दहा मिनिटे त्यातच घालवली.

तयारीत फारसे काही अडले नाही. इंजिनाच्या आतल्या व्हॉल्व्हचे क्लिअरन्स, म्हणजे त्यांच्यासाठी ठेवलेली बारीक फट, आधीच तपासलेले होते. ते चुकीचे असेल तर हे काम करण्यात अर्थ नाही, कारण मग काटे झडपेबद्दल नव्हे, व्हॉल्व्हबद्दल सांगू लागतात. टाकी पुढून उचलून लाकडी ठोकळ्यावर टेकवली, पेट्रोलची नळी आणि पंपाची वायर जोडलेलीच ठेवली, इंजिन पूर्ण गरम केले आणि चारही व्हॅक्यूम पोर्टना, म्हणजे व्हॅक्यूम मोजण्यासाठीच्या बारीक तोंडांना, गेजच्या नळ्या लावल्या. गाडी उघड्यावर ठेवावी, बंद जागेत नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि या कामात इंजिन बराच वेळ चालू राहते. समोर पंखाही हवा, कारण उभ्या गाडीला वारा मिळत नाही.

गेजबद्दल मात्र एक गोष्ट आधी केली पाहिजे, आणि ती मी सुदैवाने केली होती. चारही गेज आळीपाळीने एकाच सिलिंडरला लावून पाहिले, तेव्हा एक गेज इतरांपेक्षा सुमारे 15 मिलिमीटर पाऱ्याने जास्त दाखवत असल्याचे कळले. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत सिलिंडरांमध्ये 10 मिलिमीटर पाऱ्यापर्यंतचाच, म्हणजे सुमारे 1.3 किलोपास्कलपर्यंतचाच फरक चालतो. गेजच पंधराने खोटे बोलत असेल तर पुढची सगळी मेहनत वाया. मी त्या गेजच्या काचेवर कागदाची बारीक पट्टी चिकटवून योग्य जागा दाखवली. काटे थडथडत असतील तर नळीवरचा छोटा कॉक एवढाच आवळावा की काटा शांत होईल, पण थ्रॉटल हलवल्यावर हलेल. कॉक पूर्ण बंद झाला तर काटा अगदी शहाण्यासारखा स्थिर उभा राहतो आणि काहीच सांगत नाही.

आता तिसऱ्या सिलिंडरकडे येतो. माझ्या गाडीत झडपांच्या जोडणीवरचे स्क्रू फिरवून आधी पहिला आणि दुसरा सिलिंडर एकमेकांशी, मग तिसरा आणि चौथा एकमेकांशी, आणि शेवटी मधल्या स्क्रूने या दोन जोड्या परस्परांशी जुळवायच्या असतात. पहिली जोडी पाच मिनिटांत जुळली. दुसऱ्या जोडीत चौथा काटा 220 च्या आसपास आणि तिसरा 190 वर होता. मी स्क्रू फिरवून तिसऱ्याची झडप थोडी बंद करत गेलो आणि काटा हळूहळू वर येऊन चौथ्याच्या शेजारी उभा राहिला. मला स्वतःचे फार कौतुक वाटले. इंजिन 3000 आरपीएमला नेल्यावर तिसरा काटा इतरांपेक्षा थोडा पुढे जातो आहे, हे दिसत असूनही मी ते सोडून दिले. संध्याकाळी चक्कर मारली, तर थ्रॉटल सोडताच सायलेन्सरमधून फुटफुट आवाज येत होता, आणि दुसऱ्या दिवशी गेज लावल्यावर तिसरा काटा पुन्हा मागे पडलेला.

दुसऱ्या रविवारी मी तेच काम तीन वेळा केले. दर वेळी काटे जुळायचे आणि इंजिन थंड होऊन पुन्हा गरम झाले की तिसऱ्याचे बिनसायचे. तिसऱ्या आणि चौथ्याच्या नळ्या अदलाबदल करून पाहिल्या. खोटे दाखवणारा काटा नळीबरोबर सरकला असता तर गेजला दोष देता आला असता, पण कमी व्हॅक्यूम तिसऱ्या सिलिंडरलाच चिकटून राहिला. व्हॉल्व्हचे क्लिअरन्स पुन्हा मोजले, ते बरोबर होते. एवढे झाल्यावर विचार करायचा सोडून मी पुन्हा स्क्रूड्रायव्हर उचलला, आणि तोवर स्क्रू मुळात कोणत्या जागी होता हेही हरवून बसलो. तेव्हा हात लावण्यापूर्वी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर रंगाची एक सरळ रेघ ओढावी. मी ओढली नव्हती.

तिसऱ्या रविवारी एक साधा प्रश्न सुचला, जो पहिल्याच दिवशी सुचायला हवा होता. व्हॅक्यूम कमी आहे याचा अर्थ हवा जास्त येते आहे, पण ती झडपेतूनच येते असे कोणी सांगितले? पंखा बंद करून, इंजिन आयडलिंगला ठेवून, झाडांवर पाणी फवारायच्या बाटलीने मी थ्रॉटल बॉडी आणि सिलिंडर हेड यांच्यामधल्या रबरी जोडांवर एकेक फवारा मारत गेलो. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्याला काहीच झाले नाही. तिसऱ्याच्या खालच्या बाजूला पाणी पडताच इंजिनाचा सूर बदलला आणि तिसरा काटा टुणकन वर उडाला, कारण क्षणभर पाण्याने ती फट बुजवली होती. या कामासाठी काही जण पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर क्लीनर फवारतात. तापलेल्या एक्झॉस्टपासून वीतभर अंतरावर तो उद्योग मी करणार नाही.

इंजिन थंड होऊ दिले आणि बोट घालून चाचपले. जोडाच्या रबराची खालची कड थ्रॉटल बॉडी बसवताना आत दुमडली गेली होती, घाईत घातलेल्या सदऱ्याची कॉलर मानेमागे दुमडून राहावी तशी. वरून रबर आवळून धरणारा क्लॅम्प अगदी घट्ट होता आणि तो मीच आवळला होता. रबर गरम होऊन मऊ पडले की फट थोडी बदलायची, म्हणून काटा रोज नवे उत्तर द्यायचा. मी मात्र त्या चोरवाटेने येणारी हवा झडप बंद करून वळती करत होतो. क्लॅम्प सैल केला, कडेला साबणाच्या पाण्याचे बोट फिरवले, थ्रॉटल बॉडी दाबून सरळ बसवली आणि छोट्या आरशाने खालची बाजू पाहून खात्री केली. इंजिन चालू केल्यावर तिसरा काटा चौथ्याच्या कितीतरी वर गेला. दोन रविवारांची माझी सगळी कारागिरी तेवढ्या अंतरात मोजून मिळत होती.

त्यानंतर चारही काटे जुळवायला पंधरा मिनिटे लागली. स्क्रू एका वेळी अष्टमांश फेऱ्याहून जास्त फिरवू नये. फिरवल्यावर स्क्रूड्रायव्हर उचलून घ्यावा, कारण त्याच्या दाबानेही जोडणी किंचित सरकते, आणि थ्रॉटल एकदा झटकन देऊन काटे स्थिरावल्यावरच आकडा वाचावा. प्रत्येक झडपेचा स्वतःचा, कारखान्यात बसवून रंग लावलेला थांबा-स्क्रू असतो, त्याला हात लावू नये. काही गाड्यांत झडपांऐवजी हवेच्या बारीक वाटांचे स्क्रू फिरवायचे असतात आणि एक सिलिंडर प्रमाण मानून त्याचा स्क्रू तसाच ठेवायचा असतो, म्हणून आपल्या गाडीची पुस्तिका आधी वाचावी. शेवटी आयडलिंग पुन्हा पाहून घ्यावे आणि पोर्टवरून काढलेल्या टोप्या मोजून परत लावाव्यात. एक राहिली तर तीही तिसऱ्या सिलिंडरसारखाच छळ करील.

हँडलची थरथर आता गेली आहे आणि सिग्नलला उभे असताना आरशात मागच्या गाडीचा क्रमांक वाचता येतो. गेजचा संच डब्यात ठेवला, आणि त्याच्यावर ती पाण्याची बाटली आडवी ठेवून झाकण लावले, म्हणजे पुढच्या वेळी तीच आधी हाताला लागेल.