तू हिंदू का मराठी?

मॉरिशसला पोचले त्या संध्याकाळी होमस्टेच्या आंटीने चहा देता देता विचारलं, तू हिंदू का मराठी? मी म्हटलं दोन्ही. ती हसायलाच लागली, नाही नाही, एकच सांग! मला वाटलं हिच्या इंग्लिशचा घोळ असेल, पण घोळ माझाच होता. तिकडे रोजच्या बोलण्यात हिंदू म्हणजे बिहारकडून आलेले भोजपुरीवाले, तमिळ वेगळे, तेलुगू वेगळे आणि आपले मराठी पण वेगळे. देव तेच, सण बरेचसे तेच पण देवळं, मंडळं, शाळेतला भाषेचा तास ज्याचा त्याचा. आणि घरी बोलतात सगळे क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून झालेली तिथली भाषा :)

खरी मजा दुसऱ्या दिवशी आली. मला कास्कावेलला मराठी वस्तीतले गणपती बघायचे होते म्हणून टॅक्सी केली तर ड्रायव्हरकाका मराठीच निघाले. म्हणजे पणजोबांच्या आधीचं कोणीतरी रत्नागिरीकडून ऊसाच्या मळ्यावर आलेलं, काकांना मराठी आरत्या पाठ पण मराठीत गप्पा नाही जमत, आम्ही आपलं सिनेमातल्या हिंदीत बोलत होतो. दोन्ही बाजूला ऊस, मधेच थांबून दालपुरी खाल्ली (दिसायला थेट पुरणपोळी, आत डाळ पण गूळ नाही, पहिल्या घासाला फसवणूक झाल्यासारखं वाटतं). पैसे देताना मी नोटांवरचे चेहरे बघत बसले तर काकांनी स्वतःचं पाकीट काढून एकेक नोट बॉनेटवर मांडली. 25 रुपयावर चिनी, 50 वर फ्रेंच गोरा, 100 वर तमिळ, 200 वर मुसलमान, 500 वर हिंदू, 1000 वर गेतां द्युव्हाल म्हणजे क्रिओल लोकांचा (आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज, भाषेचं नि त्यांचं नाव एकच) नेता, आणि 2000 वर पहिले पंतप्रधान रामगुलाम. मी विचारलं, काका आपला कुठला? म्हणाले, आपला नाही. मग जरा थांबून, पण गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी आहे!

मला आधी हे सगळं फार हिशोबी वाटलं, खरं सांगते. देश आहे का वाटणीपत्र? 1998 ला नवीन नोटा आल्या त्यावर तमिळ अक्षरं हिंदीच्या खाली गेली, आधी ती वर असायची, तर एवढा गदारोळ झाला की सरकारला नोटा परत घ्याव्या लागल्या. संसदेच्या निवडणुकीत तर अजून पुढचं. 62 जण निवडून येतात आणि वर 8 पर्यंत जागा हरलेल्यातल्या चांगली मतं मिळालेल्यांना, कुठला समाज कमी पडला ते बघून. त्यासाठी खाने चार: हिंदू, मुसलमान, चिनी, आणि उरलेले सगळे म्हणजे "जनरल पॉप्युलेशन". तिथे मात्र मराठी हिंदूतच! आणि आकडे कुठले धरतात तर 1972 च्या जनगणनेचे, कारण नंतर समाज विचारणंच बंद केलं.

काकांना मी म्हटलं हे विचित्र नाही का? ते म्हणाले तुम्ही 68 बघितलं नाही. 12 मार्च 1968 ला स्वातंत्र्य मिळालं पण त्याच्या आदल्या निवडणुकीत 44 टक्के मतं स्वातंत्र्य नको म्हणणाऱ्या बाजूला होती, बहुसंख्य हिंदूंचं राज्य येईल ही भीती, आणि जानेवारीत राजधानी पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमानांची दंगल, इंग्रजांचं सैन्य बोलवायला लागलं. फुटबॉलचं तर विचारूच नका. हिंदू कॅडेट्स, मुस्लिम स्काउट्स, तमिळ कॅडेट्स ही क्लबची नावं! पुढे नावातलं हिंदू मुस्लिम काढायला लावलं, पण नाव बदलून प्रेक्षक थोडेच बदलतात, 1999 च्या मे महिन्यात स्काउट्स (आधीचे मुस्लिम स्काउट्स) आणि फायर ब्रिगेड (क्रिओलांचा आवडता क्लब) यांच्या मॅचनंतर पोर्ट लुईत जाळपोळ झाली, एका जुगारघराला आग लावली, 7 माणसं गेली, त्यात गरोदर बाई आणि लहान मुली. त्यानंतर क्लब गावांच्या नावाने केले. काका तेव्हापासून लोकल मॅच बघत नाहीत, इंग्लंडची टीव्हीवर बघतात. म्हणाले, नोटेवर भांडलेलं परवडतं.

विसर्जनाला समुद्रावर गेलो. ट्रकवर ढोलकी, भगवे झेंडे आणि पुढे बॉनेटला देशाचा तांबडा निळा पिवळा हिरवा झेंडा बांधलेला. तिकडचा समुद्र इतका उथळ की कंबरभर पाणी लागेपर्यंत चालतच राहायचं, आणि काकांचा गुडघा दुखत होता, तर शेजारचा क्रिओल पोरगा, चर्चला जाणारा, गळ्यात क्रॉस, त्याने मूर्ती डोक्यावर घेतली. काका काठावरून क्रिओलमध्ये ओरडतायत, हळू, डावीकडे दगड आहे! तो तिकडून मोया मोया करतोय, "र" कुठेतरी गळाला होता. मी त्याला नंतर विचारलं तू दरवर्षी येतोस का, तर म्हणे सुट्टी असते ना आणि इथे मोदक मिळतात. त्या दिवशी मोदक संपले होते म्हणून त्याला केळं मिळालं, त्यावरून तो गाडीत बसेपर्यंत कुरकुरत होता.